मुंबईचे विमानतळ आणि खाडीपलीकडचे शहर

विमानाने मुंबईला येणारा प्रवासी मुंबईत उतरतच नाही, असे आम्ही म्हटले तर श्रोत्यांना ते चमत्कारिक वाटेल. पण नकाशा उघडून पाहावा. कुलाब्यापासून माहीम-शिवेपर्यंतची, सात बेटे जोडून झालेली जी भूमी तीच मूळची मुंबई, आणि त्या भूमीवर प्रवासी विमानतळ कधी झालाच नाही. जुहू, सांताक्रूझ आणि सहार ही तिन्ही ठिकाणे साष्टी बेटावर. नव्या मुंबईचा विमानतळ तर पनवेलच्या बाजूला, मुख्य भूमीवर. महापालिकेची हद्द आज दहिसर-मुलुंडपर्यंत गेली आहे हे खरे. तथापि हद्द वाढविल्याने खाडी बुजत नाही. विमान टेकले तरी फोर्टात जाणाऱ्याला पाणी ओलांडायचे शिल्लकच राहते. मुंबईच्या विमानतळांचा इतिहास सांगायचा म्हणजे हे पाणी कसकसे ओलांडले गेले ते सांगायचे.

म्हणून आरंभ विमानापासून न करता माहीमच्या खाडीपासून केला पाहिजे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये पूर्वी होड्या चालत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे पक्का बांध झाला, तो सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगीने. दीड लाखाहून अधिक रुपये त्यांनी दिले आणि अट एकच घातली, की या वाटेवरून जाणाऱ्यांकडून कर घेऊ नये. पुढे आभाळातून येणारी माणसे याच वाटेने शहरात शिरतील, याची त्या बाईंना काय कल्पना असणार!

जुहूचे मैदान 1928 सालचे. समुद्राकाठची सपाट, मोकळी खाजणाची जमीन तेव्हाच्या हलक्या विमानांना पुरेशी होती. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानाने येथेच उतरले. वाटेत अहमदाबादेस त्यांचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते, ही हकीकत मौजेची आहे. विमानाची चाकेसुद्धा बैलाच्या भरवशावर पुढे सरकली. पण पावसाळा आला की जुहूचे मैदान चिखलात बुडे. मग टाटांची विमाने, वैमानिक आणि कारागीर असा सारा संसार पुण्याला हलवीत आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून टपालाची ने-आण चाले. मुंबईचा विमानतळ पावसाळ्यापुरता पुण्याला होता, हे आज पुणेकरांनाही फारसे ठाऊक नाही.

दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला लष्करी विमानांसाठी तळ झाला. युद्धानंतर मोठी विमाने आली, त्यांना जुहू अपुरे पडले, आणि काही वर्षांतच प्रवासी वाहतूक सांताक्रूझला गेली. जुहू मात्र बंद झाले नाही. दोन मैदाने जवळजवळ शेजारी, आणि धावपट्ट्यांची दिशाही जवळपास एकच. याचा परिणाम व्हायचा तो झाला. जुलै 1953 मध्ये बी. ओ. ए. सी.चे कॉमेट जातीचे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले; वजन हलके करून काही दिवसांनी ते तेथून उडविण्यात आले. जपानच्या विमानकंपनीच्या डीसी-8 विमानाने 24 सप्टेंबर 1972 रोजी हीच चूक केली, आणि ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले. प्राणहानी झाली नाही. आकाशातून पाहणाऱ्या कसलेल्या वैमानिकाची जेथे अशी फसगत झाली, तेथे प्रवाशाचा गोंधळ उडाला तर नवल कसले?

प्रवाशाचा गोंधळ 1981 पासून अधिकच वाढला. त्या वर्षी परदेशच्या विमानांसाठी सहारची इमारत सुरू झाली. धावपट्ट्या त्याच, पण सांताक्रूझच्या आणि सहारच्या इमारतींची तोंडे दोन दिशांना. एकीतून दुसरीत जायचे तर शहराच्या रस्त्यावरून वळसा. सहारला 2014 मध्ये नवी इमारत झाली, तेव्हापासून देशातली पुष्कळ विमानेही तेथूनच सुटू लागली, आणि 'देशी म्हणजे सांताक्रूझ, परदेशी म्हणजे सहार' ही जुनी खूण निकामी झाली. तिकिटावर टर्मिनलचा आकडा वाचल्यावाचून घरून निघू नये, एवढाच आमचा सल्ला. त्याच तिकिटावर मुंबईसाठी अजून 'बीओएम' ही तीन अक्षरे असतात. शहराचे नाव 1995 मध्ये बदलले, अक्षरे तशीच राहिली.

आम्हाला खरे आश्चर्य वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. वांद्र्यावरून जाणारी लोकल 1867 पासून धावत आहे. पार्ले, अंधेरी ही स्टेशने विमानतळाला अगदी लागून. तरीही विमानतळाच्या दारापर्यंत रुळांचा फाटा कोणी नेला नाही. विमानाने येणाऱ्याजवळ मोटारीचे भाडे असणारच, असे बहुधा धरून चालले असावेत! विमानतळावर झाडलोट करणारा, सामान उचलणारा, पहाऱ्यावर उभा राहणारा रोज कसा येतो, हा विचार त्यात कोठेच दिसत नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू 2009 साली झाला, तोही मोटारवाल्यांचाच. भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर 2025 मध्ये खुला झाला, तेव्हा कोठे दोन्ही टर्मिनलांपाशी स्टेशन आले. ही गाडी मिठी नदीच्या तळाखालून धारावीकडे येते. आवाबाईंच्या बांधानंतर पावणेदोनशे वर्षांनी पाण्याखालची वाट झाली.

मेट्रोच्या या शेवटच्या टप्प्याचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले, आणि त्याच दिवशी नव्या मुंबईच्या विमानतळाचेही. तेथे डिसेंबरात उड्डाणे सुरू झाली. त्यासाठी उलव्याचा डोंगर कापला, नदीचे पात्र वळविले, दहा गावे उठविली. या पट्ट्यातील जमिनींचा झगडा जुना आहे. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जानेवारी 1984 मध्ये गोळीबार झाला, पाच शेतकरी प्राणास मुकले, आणि त्यानंतरच संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. कोपर, कोल्ही, वाघिवली या गावच्या माणसांनी घरे सोडली, तेव्हा ती धावपट्टी झाली.

या विमानतळावरून मुंबई गाठण्याचा एक रस्ता अटल सेतूचा, जवळजवळ 22 किलोमीटर लांबीचा. तो शिवडीला उतरतो, म्हणजे नेमका मूळ बेटावर. मात्र आवाबाईंची अट तेथे लागू नाही. जानेवारी 2024 मध्ये सेतू खुला झाला तो टोलसकटच.