सुरक्षित इंटरनेट कार्यक्रम (युरोपियन संघ)

सुरक्षित इंटरनेट कार्यक्रम हा युरोपियन संघाने १९९९ ते २०१३ या काळात टप्प्याटप्प्याने राबवलेला बहुवार्षिक निधी-कार्यक्रम होता. मुलांना व त्यांच्या पालक-शिक्षकांना इंटरनेटच्या सुरक्षित वापराचे शिक्षण देणे आणि इंटरनेटवरील बेकायदेशीर आशयाला आळा घालणे, हे त्याचे प्रमुख उद्देश होते. या कार्यक्रमातून उभी राहिलेली राष्ट्रीय केंद्रे पुढे युरोपियन संघाच्या इतर योजनांच्या निधीवर चालू राहिली.

पार्श्वभूमी

घराघरांत इंटरनेट पोहोचू लागल्यावर युरोपियन आयोगाने ऑक्टोबर १९९६ मध्ये इंटरनेटवरील बेकायदेशीर व हानिकारक आशयासंबंधी निवेदन प्रसिद्ध केले. मात्र युरोपियन संघाच्या अधिकारांना या बाबतीत मर्यादा आहे. संघाच्या करारानुसार (सध्याचे कलम १६५) अभ्यासक्रमाचा आशय व शिक्षणव्यवस्थेची रचना ही सदस्य राष्ट्रांची जबाबदारी असते. त्यामुळे ऑनलाइन सुरक्षा हा विषय शाळांत शिकवण्याची सक्ती संघ करू शकत नाही. राष्ट्रीय पातळीवर काम करणाऱ्या संस्थांना अनुदान देणे, हेच त्याच्या हातातील मुख्य साधन ठरले.

टप्पे व तरतूद

* १९९९–२००२: २५ जानेवारी १९९९ च्या निर्णयान्वये पहिली कृतियोजना मंजूर झाली. तिच्यासाठी २.५ कोटी युरोंची तरतूद होती. नंतर योजनेस २००४ पर्यंत मुदतवाढ देऊन एकूण तरतूद ३.८३ कोटी युरो करण्यात आली.
* २००५–२००८: ‘सेफर इंटरनेट प्लस’ या टप्प्यासाठी ४.५ कोटी युरो.
* २००९–२०१३: ‘सेफर इंटरनेट’ या टप्प्यासाठी ५.५ कोटी युरो.

रकमेइतकाच तिच्या वाटपातील बदलही महत्त्वाचा आहे. पहिल्या टप्प्यात फिल्टर व आशय-वर्गीकरण प्रणालींच्या विकासाला जनजागृतीइतकेच महत्त्व होते. धोकादायक आशय मुलांपर्यंत पोहोचू न देण्यावर भर होता. दुसऱ्या टप्प्यापासून सुमारे निम्मा निधी जनजागृतीसाठी राखण्यात आला. तिसऱ्या टप्प्याच्या निर्णयात हे प्रमाण ४८ टक्के होते. आशयाबरोबर वर्तनाचाही विचार याच टप्प्यात ठळकपणे झाला. मुलांना ऑनलाइन छळणे, तसेच लैंगिक शोषणाच्या हेतूने त्यांच्याशी जवळीक साधणे, या बाबी कार्यक्षेत्रात घेण्यात आल्या. असे वर्तन केवळ फिल्टरने रोखता येत नसल्याने शिक्षणाची गरज वाढली.

अंमलबजावणी

अनुदानावर चालणाऱ्या राष्ट्रीय ‘सुरक्षित इंटरनेट केंद्रां’ची कामे साधारणपणे चार प्रकारची असतात. जनजागृती विभाग शाळांसाठी पाठ व साहित्य तयार करतो आणि शिक्षकांना प्रशिक्षण देतो. हेल्पलाइनवर मुले व पालक सल्ला घेऊ शकतात. हॉटलाइनवर बेकायदेशीर आशयाची, विशेषतः बाललैंगिक शोषणाच्या चित्रणाची, तक्रार नोंदवता येते. युवा मंडळांद्वारे मुलांची स्वतःची मते जाणून घेतली जातात. जनजागृती केंद्रांचे जाळे ‘इनसेफ’ या नावाने, तर हॉटलाइनचे जाळे ‘इनहोप’ या नावाने ओळखले जाते. २००४ पासून पाळला जाणारा ‘सुरक्षित इंटरनेट दिन’ याच कार्यक्रमाच्या निधीतील प्रकल्पातून सुरू झाला. फेब्रुवारीत येणारा हा दिवस आता भारतासह अनेक देशांत पाळला जातो.

संशोधन

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील सोनिया लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखाली २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘ईयू किड्स ऑनलाइन’ या संशोधन-प्रकल्पालाही या कार्यक्रमातून निधी मिळाला. २०१० मध्ये या प्रकल्पाने २५ देशांतील ९ ते १६ वयोगटातील २५,१४२ मुलांचे सर्वेक्षण केले. त्यांपैकी ४१ टक्के मुलांना ऑनलाइन एक वा अधिक धोक्यांचा सामना करावा लागला होता. मात्र इंटरनेटवरील एखाद्या गोष्टीने त्रास झाल्याचे १२ टक्के मुलांनी सांगितले. धोका म्हणजे प्रत्यक्ष हानी नव्हे, तसेच वापर वाढला की धोके, संधी आणि कौशल्ये ही तिन्ही वाढतात, असा निष्कर्ष संशोधकांनी मांडला. केवळ बंदी घालण्याऐवजी मुलांची क्षमता वाढवण्याच्या धोरणाला या निष्कर्षांमुळे आधार मिळाला.

२०१३ नंतर

मे २०१२ मध्ये आयोगाने ‘मुलांसाठी अधिक चांगले इंटरनेट’ हे धोरण जाहीर केले. स्वतंत्र कार्यक्रम संपल्यावर केंद्रांचा खर्च प्रथम ‘कनेक्टिंग युरोप’ या योजनेतून व नंतर ‘डिजिटल युरोप’ (२०२१–२०२७) या कार्यक्रमातून भागवला जाऊ लागला. ११ मे २०२२ रोजी धोरणाची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. सुरक्षित डिजिटल अनुभव, डिजिटल सक्षमीकरण आणि मुलांचा सक्रिय सहभाग हे तिचे तीन आधारस्तंभ आहेत.

मर्यादा

हा निधी ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांसाठी आणि सहनिधीच्या तत्त्वावर दिला जातो. ‘डिजिटल युरोप’अंतर्गत केंद्रांच्या मान्य खर्चापैकी निम्मा भाग संघ देतो, उर्वरित रक्कम केंद्रांना राष्ट्रीय सरकार, उद्योग वा देणगीदार यांच्याकडून उभारावी लागते. स्वयंसेवी संस्थांनी चालवलेल्या केंद्रांना यामुळे दर मुदतीअखेर नव्याने निधी मिळवावा लागतो.

निधीचा स्रोत बदलल्याचे परिणाम दोन ठिकाणी दिसून आले. युनायटेड किंग्डममधील केंद्र चाइल्डनेट इंटरनॅशनल, इंटरनेट वॉच फाउंडेशन आणि एसडब्ल्यूजीएफएल या तीन धर्मादाय संस्था मिळून चालवतात. ब्रेक्झिटनंतर त्याला मिळणारा युरोपियन सहनिधी बंद झाला आणि काम सुरू ठेवण्यासाठी अन्य स्रोत शोधावे लागले. दुसरीकडे, ‘ईयू किड्स ऑनलाइन’चे पुढील मोठे सर्वेक्षण सहभागी देशांनी आपापल्या निधीतून केले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात १९ देशांचाच समावेश होता. परिणामी २०१० मधील पाहणीशी सर्व देशांची तुलना करणे शक्य राहिले नाही.