नाव बदललेली पाणबुडी

थेटिस ही ग्रीक पुराणातली समुद्रदेवता, अकिलीजची आई. तिचे नाव धारण केलेली ब्रिटिश पाणबुडी १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीच्या वेळी बुडाली. टॉर्पेडोच्या नळीत पाणी आहे की नाही हे दाखवणारे बारीक छिद्र रंगाने बुजले होते. नळी कोरडी समजून आतले दार उघडले गेले. बाहेरचे उघडेच होते. १०३ जणांपैकी चौघे वाचले. तिचा मागचा भाग कित्येक तास पाण्यावर दिसत होता, हे वाचताना आम्ही आजही थबकतो.

३ सप्टेंबरला, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारले त्याच दिवशी, ती अँगलसीच्या किनाऱ्याला लावली गेली. दुरुस्तीनंतर १९४० मध्ये ती ‘थंडरबोल्ट’ झाली. (मराठीत होडीही नावच, इथे एक नाव बदलले, दुसरी तीच राहिली.) डिसेंबरात तिने इटलीची ‘तारांतिनी’ पाणबुडी बुडवली. १४ मार्च १९४३ रोजी सिसिलीजवळ ‘चिकोन्या’ या इटालियन युद्धनौकेने तिलाच बुडवले. एकही जण वाचला नाही.

दरम्यान पहिल्या अपघातातील मृतांच्या आप्तांनी नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी पाणबुडीची कागदपत्रे मागितली होती. सार्वजनिक हिताचे कारण देत ती रोखण्याचा सरकारचा अधिकार १९४२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मान्य केला. त्या निकालपत्रात मात्र तिचे नाव ‘थेटिस’च आहे.