हातगुण आणि पुरावा

‘त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ हे वाक्य ज्याने कधी ऐकले नाही, असा मराठी माणूस सापडणे कठीण. ताप उतरला की गुण डॉक्टरांचा. नाही उतरला, तर ‘औषध लागू पडले नाही’. मग दुसरा डॉक्टर, मग कुणाच्या मावशीने सांगितलेला काढा, आणि शेवटी ज्याच्या पाळीत ताप उतरला त्याच्या पदरात सगळे श्रेय. यात कुणाची लबाडी नसते. पुष्कळसे आजार आपोआप बरे होतात, काही कमी-जास्त होत राहतात, आणि माणूस बहुधा त्रास अगदी अंगावर आला म्हणजेच औषधाकडे वळतो. त्यानंतर उतार पडायचाच असतो. मग गुण कुणाचा? औषधाचा, हाताचा, की नुसत्या गेलेल्या दिवसांचा?

वैद्यकीय संशोधन हे या घरगुती प्रश्नाचे शिस्तीने शोधलेले उत्तर आहे. पुढील पानांत विद्यापीठे, रुग्णालये आणि संशोधन केंद्रे यांतून झालेले काही अभ्यास साध्या मराठीत सांगितले आहेत. ते वाचायला वैद्यकाची पदवी लागत नाही. ‘कशाच्या तुलनेत?’ एवढा एक प्रश्न हाताशी असला, तरी वाचकाची वाट बरीच सोपी होते.

या प्रश्नाची ताकद 1948 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसते. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन नावाचे नवे औषध आले होते, पण साठा फार थोडा होता. सर्वांना देता येणारच नव्हते, तेव्हा कुणाला द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता आधीच ठरवून बंद केलेल्या पाकिटांवर सोपवले गेले. ही योजना संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची. 107 रुग्णांपैकी 55 जणांना औषध आणि विश्रांती मिळाली, 52 जणांना त्या काळचा रूढ उपचार म्हणजे नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले 4 जण दगावले, दुसऱ्यातले 14.

औषध चालले, हे झालेच. पण दुसऱ्या गटाकडेही नीट पाहावे. नुसत्या विश्रांतीवर असलेल्यांपैकी चौघांच्या छातीच्या चित्रात मोठी सुधारणा दिसली. त्या चौघांना औषध मिळाले असते, तर ते जन्मभर औषधाचे गुण गात राहिले असते. तुलनेचा गट हवा तो यासाठी. पाकिटे हवीत तीही यासाठीच. निवड डॉक्टरांच्या हाती राहिली, तर जगण्याची आशा असलेला रुग्ण नकळत औषधाच्या बाजूला सरकतो. याच अभ्यासात हेही दिसले की औषध मिळालेल्या अनेकांमधले जंतू काही महिन्यांत त्या औषधाला दाद देईनासे झाले. क्षयावर एकच औषध न देता औषधे जोडून देण्याची पद्धत या धड्यातून पुढे आली.

पुढचा मोठा धडा मद्रासचा. त्या काळी क्षय म्हटले की सॅनिटोरियम. आपल्याकडे मिरजेजवळची वानलेसवाडी आणि पाचगणी ही नावे घरोघर दबक्या आवाजात घेतली जात. मोकळी हवा, सकस आहार आणि सक्तीची विश्रांती यांवाचून क्षय हटत नाही, अशी सार्वत्रिक श्रद्धा होती. पण रुग्ण लाखांत आणि खाटा थोड्या. 1956 मध्ये मद्रासला सुरू झालेल्या क्षय केंद्राने हाच प्रश्न अभ्यासाला घेतला. 193 रुग्णांना एक वर्ष सारखीच औषधे दिली. फरक इतकाच की काही घरी राहिले आणि काही सॅनिटोरियममध्ये. घरच्यांना जेवण निकृष्ट, जागा अपुरी, कामाची दगदग अधिक. तरीही 1959 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दोन्हीकडचे गुण जवळजवळ सारखे होते, आणि घरच्या इतर माणसांना जास्त लागण झाल्याचेही दिसले नाही. आज सरकारी दवाखान्यातून गोळ्या घेऊन घरी राहून क्षय बरा करणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीशी मद्रासच्या गरीब वस्त्यांतले ते रुग्ण उभे आहेत.

अर्थात सगळेच प्रश्न चिठ्ठ्या टाकून सुटत नाहीत. गरोदर बाईने काय खाल्ले म्हणजे तिचे मूल चाळिशीत मधुमेही होते, हे शोधायला कुणाला उपाशी ठेवता येत नाही. तिथे नुसते पाहायचे, मोजायचे आणि वर्षानुवर्षे नोंदी ठेवायच्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत हेच केले. तिथल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली, तेव्हा आपल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले आणि तिकडच्यांचे 3.5 किलो. पण बाळ लहान असले, तरी त्याच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. कमी पडले होते ते मांस. वरून रोड आणि आतून मेदाळ असे हे बाळ. काडीसारख्या दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह का गाठतो, या कोड्याकडे बघण्याची एक नवी दिशा त्यातून मिळाली.

मात्र पाहण्यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. आईच्या रक्तातल्या ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता आणि मुलाची पुढची प्रकृती यांचा संबंध दिसला, म्हणून पुढे त्याच मुलामुलींच्या पिढीत ब-12 देऊन पाहण्याची रीतसर चाचणी हाती घ्यावी लागली. बातमीत ‘संबंध आढळला’ असे असेल, तर तिथे ‘त्यामुळे होते’ असे वाचू नये.

आकड्यांचेही असेच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. बार्शीचे कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होते. निष्कर्ष 2009 मध्ये आले. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या 34,126 स्त्रियांपैकी 34 या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या 31,488 पैकी 64. आता हे दोन प्रकारे सांगता येते: ‘मृत्यू निम्म्यावर आले’, किंवा ‘हजारी दोनाचा एक झाला’. दोन्ही खरे. पहिल्यात उपायाचा जोर कळतो, दुसऱ्यात धोक्याचा मूळ आकार. एकच सांगणारा अर्धेच सांगतो.

त्याच अभ्यासात सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेल्या स्वस्त तपासणीने मृत्यू ठामपणे घटल्याचे दिसले नाही. पुढे मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांना तशाच तपासणीने, पण ती दर दोन वर्षांनी पुन्हा करून, मृत्यूंत 31 टक्के घट दिसली. म्हणजे शास्त्र डळमळीत आहे असे नव्हे. एकदाच पाहणे आणि पुन्हापुन्हा पाहणे हे वेगळे उपाय आहेत, आणि एका अभ्यासावर निकाल लावायचा नसतो. या अभ्यासांवर एक गंभीर आक्षेपही घेतला गेला: ज्या स्त्रियांची तपासणी झाली नाही, त्यांना तसे ठेवणे न्याय्य होते का? त्या भागात अशी तपासणी कुणालाच मिळत नव्हती, हे त्यावरचे उत्तर. ते सर्वांना पटलेले नाही, आणि वाचकानेही त्यावर स्वतः विचार करावा.

अर्धवट पोचलेल्या निष्कर्षाने काय होते, हे आपण अलीकडेच पाहिले. जून 2020 मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या रिकव्हरी चाचणीने डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडने कोविडमधले मृत्यू घटतात असे दाखवले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत शंभरी 41 मृत्यूंचे 29 झाले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत 26 चे 23. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. हे शेवटचे वाक्य मागे राहिले आणि ‘कोरोनावर औषध सापडले’ एवढेच पुढे गेले. दुसऱ्या लाटेत सौम्य आजारातही घरच्या घरी स्टिरॉइड घेतली गेली.

हे मराठीत सांगताना शब्दांशी झगडावे लागते. ‘यादृच्छिक’ म्हटले की वाचक थबकतो, म्हणून इथे ‘चिठ्ठ्या टाकून’ म्हटले आहे. ‘नियंत्रित गट’ म्हणजे कुणाला तरी काबूत ठेवले आहे असे वाटते, म्हणून ‘तुलनेचा गट’. संशोधकांचे ‘लक्षणीय’ म्हणजे मोठे नव्हे. फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता कमी, इतकाच त्याचा अर्थ. आणि रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला की आनंद करायचा नसतो, हे तर आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. सोपे करणे म्हणजे पातळ करणे नव्हे. आकडा, त्याची मर्यादा आणि त्यावरचा वाद हे तिन्ही जिथे आहेत तिथे राहू दिले आहेत.

पुढचा प्रत्येक अभ्यास वाचताना चार गोष्टी विचाराव्यात: कशाच्या तुलनेत? किती जणांपैकी किती? माणसे कोण होती, माझ्यासारखी की निराळी? आणि किती काळ पाहिले? हे पुस्तक वाचून कुणी आपली गोळी बंद करू नये की वाढवू नये; डॉक्टरांना विचारायचा प्रश्न मात्र इथून जरूर घेऊन जावा.

भारतात औषधांच्या चाचण्यांची आगाऊ नोंद 15 जून 2009 पासून सक्तीची आहे, आणि ती नोंदवही कुणालाही पाहता येते. उद्या तुमच्या दारी किंवा तुमच्या खाटेशी कुणी संमतीपत्र घेऊन आले, तर घाईने सही करू नका. ते मराठीत वाचून घ्या, मध्येच बाहेर पडता येईल ना, हे विचारा. आणि एक गोष्ट आवर्जून मागा: अभ्यास संपल्यावर त्यातून काय निघाले, ते मला माझ्या भाषेत कळवा.