मिरवणूक कुणाची?

न्यूयॉर्कमध्ये सेंट पॅट्रिक डेची मिरवणूक 1762 पासून निघते. 1844 साली फिलाडेल्फियात कॅथलिक आयरिशांची चर्च जाळली गेली. पुढच्याच वर्षी आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक सडले आणि दुष्काळाने लाखो लोक अमेरिकेत आले. गरीब, परधर्मी, म्हणून संशयित. तरीही त्यांनी रस्ता सोडला नाही. आज सारे शहर हिरवे कपडे घालून, मुलाबाळांसह त्यांच्या मिरवणुकीला येते.

आमच्या वाडीपासून जवळच, नागपुरात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते. 1880 च्या दशकापासूनची ही परंपरा. सोबतचे बडगे महागाई, भ्रष्टाचारावर बोट ठेवतात. गर्दीत कुणी कुणाचा धर्म विचारत नाही.

ताजबागच्या उरुसातही तसेच. ताजुद्दीन बाबांना (1861-1925) वेड्यांच्या इस्पितळातून सन्मानाने शक्करदऱ्याच्या वाड्यात नेले ते राजे रघुजीराव भोसल्यांनी, 1908 मध्ये.

मिरवणूक शेजाऱ्याला बोलावतेही आणि घाबरवतेही. कोणती काढायची, हे काढणाऱ्यांनीच ठरवायचे असते. आपणही त्यांत आलोच.