सवयीची शृंखला आणि संत ऑगस्टीन

मनुष्याला आपलें हित कळतें; परंतु कळूनही तें त्याच्या हातून घडत नाहीं. ही व्यथा संत ऑगस्टीनइतकी स्पष्टपणें क्वचितच कोणी मांडली असेल.

इ. स. ३५४ मध्यें उत्तर आफ्रिकेंतील तागास्ते गांवीं त्याचा जन्म झाला. माता मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती. पुत्र जितका बुद्धिमान् तितकाच विषयासक्त. पुढें मिलान शहरीं तो वक्तृत्वाचा अध्यापक झाला. तेथें प्रतिष्ठित घराण्यांत विवाह ठरतांच अनेक वर्षांच्या सहचरीला, आपल्या मुलाच्या आईला, त्यानें अंतर दिलें व ती आफ्रिकेस परतली. वधू वयांत येण्यास दोन वर्षें होतीं. तेवढाही धीर न धरवून त्यानें दुसरी स्त्री जवळ केली. वासनेचे लाड केले कीं सवय जडते आणि सवय वेळींच न मोडल्यास तिची गरज होऊन बसते, हें त्याचें निदान स्वानुभवाचें होतें.

३८६ सालीं मिलानमधील एका बागेंत तो रडत असतां, ग्रंथ उचलून वाचण्यास सांगणारा बालस्वर त्याच्या कानीं पडला. पौलाच्या रोमकरांस पत्रांतील उतारा त्यानें वाचला आणि डळमळणारें मन स्थिरावलें. ३८७ मध्यें बिशप अँब्रोज यानें त्याला बाप्तिस्मा दिला.

तथापि मोह संपला नाहीं. बिशप झाल्यावर लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ ग्रंथांत, जुन्या वासना स्वप्नांत अजून छळतात, जिभेलाही रोज आवरावें लागतें, अशी कबुली त्यानें दिली आहे. आपलें बळ अपुरें आहे हें ईश्वरापुढें मान्य केल्यामुळेंच तो रोजचा झगडा त्याला पेलतां आला.