मालिकेतलं आवडतं माणूस अचानक का मरतं?



गटाची मासिक बैठक संपते, बचतीचे पैसे मोजून होतात, वहीवर सह्या-अंगठे होतात आणि मग चहा येईपर्यंत गप्पा हमखास मालिकेवर येतात. “तिला का मारलं गं? चांगली होती की!” असं कुणीतरी म्हणतंच. मग एकजण म्हणते, तिचं निर्मात्याशी भांडण झालं असेल. दुसरी म्हणते, तिला सिनेमा मिळाला असेल. आज या प्रश्नाचा थोडा इतिहास सांगते. गोष्ट मालिकेची आहे, पण ती शेवटी रोजगारावर, मजुरीवर आणि बाळंतपणावर येते, म्हणून ऐकण्यासारखी आहे.

सुरुवात ओळखीच्या घरापासून करू. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका 3 जुलै 2000 रोजी सुरू झाली आणि 2008 पर्यंत चालली. त्यातली तुलसी आणि तिचा नवरा मिहीर आपल्यातल्या कित्येकींना घरच्या माणसांसारखे होते. मिहीरचं काम अमर उपाध्याय करायचे. कथेत मिहीर अपघातात गेला आणि बायका खरोखर रडल्या. फोन गेले, लोक रागावले, आणि मेलेला मिहीर मालिकेत जिवंत होऊन परत आला. पुढे अमर उपाध्याय यांनी ती मालिका सोडली. त्या वेळी मात्र मिहीरला मारलं नाही. आधी इंदर कुमार आणि नंतर रोनित रॉय मिहीर झाले. चेहरा बदलला, कुंकू तेच राहिलं.

यावरून एक गोष्ट कळते. कलाकार निघून गेला की मालिकावाल्यांपुढे तीन वाटा असतात. पहिली, त्याच पात्राला दुसरा चेहरा देणं. दुसरी, पात्राला परदेशी किंवा गावाला पाठवणं. यात दार उघडं राहतं, वाटलं तर परत बोलावता येतं. तिसरी, पात्राला मारणं. म्हणजे दार बंद.

कोणती वाट घ्यायची, हे कथेवर कमी आणि हिशेबावर जास्त ठरतं. रोज भाग दाखवायचा म्हणजे रोज शूटिंग. आपल्याकडच्या मालिकांत बहुतेक कलाकारांना रोजावर पैसे मिळतात, दिवसाचं काम बारा-बारा तास चालतं, आणि पैसे हातात यायला पुष्कळदा तीन महिने लागतात. एखादी मुख्य नटी लोकांची लाडकी झाली की ती जास्त पैसे मागू शकते, सुट्टी मागू शकते. निर्मात्याला ते नको असतं. कधी मालिकेत एकदम वीस वर्षांची उडी मारतात आणि पंचविशीतल्या मुलीला म्हणतात, आता तू सासू हो. तिला ते नको असतं. कधी दुसरीकडे चांगलं काम मिळतं. ती गेल्यावर नवीन चेहरा लोक स्वीकारतील का, ही भीती असते. मारलं तर निदान तो आठवडा सगळे टीव्हीपुढे बसतात. म्हणजे पात्राचं मरणसुद्धा विकता येतं.

आता या प्रकारची एक जुनी गोष्ट सांगते. ती टीव्हीची नाही, आपल्यासारख्या रेडिओची आहे, आणि शेतकऱ्यांच्या रेडिओची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये अन्नाची टंचाई होती. तिथे 1954 पर्यंत रेशन चालू होतं. शेतकऱ्यांनी जास्त पिकवावं, नव्या पद्धती शिकाव्यात, म्हणून बीबीसी रेडिओच्या गॉडफ्री बेसली यांनी एक श्रुतिका काढली. नाव ‘द आर्चर्स’. अँब्रिज नावाचं एक काल्पनिक खेडं, त्यात आर्चर नावाचं शेतकरी कुटुंब. गाय आजारी पडली तर काय करायचं, बियाणं कोणतं घ्यायचं, हे सगळं सासू-सून, लग्न, भांडण यांच्यात मिसळून सांगायचं. 1950 साली थोडे भाग करून पाहिले आणि 1 जानेवारी 1951 पासून ती देशभर ऐकू येऊ लागली. आजही ती चालू आहे.

या घरातला मुलगा फिल. त्याचं ग्रेस नावाच्या मुलीशी जमलं. लोकांनी त्यांचं लग्न व्हावं म्हणून वाट पाहिली. एप्रिल 1955 मध्ये लग्न लागलं. जेमतेम पाच महिने झाले आणि 22 सप्टेंबर 1955 च्या भागात तबेल्याला आग लागली. ग्रेस बाहेर आली होती, पण आत घोडा अडकला म्हणून ती परत गेली. वरचं आढं कोसळलं. दवाखान्यात नेताना फिलच्या हातातच ती गेली.

त्या रात्री सुमारे दोन कोटी लोक ऐकत होते. बीबीसीचे फोन अडकून पडले. लोकांनी फुलं पाठवली. एका आवाजासाठी सगळा देश हळहळला.

आता तारीख पुन्हा पाहा. त्याच संध्याकाळी इंग्लंडमध्ये जाहिरातींवर चालणारी पहिली टीव्ही वाहिनी, आयटीव्ही, सुरू झाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत नव्या वाहिनीची बातमी मोठी व्हायची, ती ग्रेसच्या मरणाखाली झाकली गेली. त्यामुळे बरीच वर्षं लोक म्हणत राहिले की बीबीसीने टीव्हीवर कुरघोडी करायला ग्रेसला मारलं. ते कारण होतंच. पण आणखी एक होतं.

ग्रेसचा आवाज ज्या बाईचा होता, तिचं नाव इसॅन चर्चमन. तिच्या लक्षात आलं की त्याच श्रुतिकेत, तेवढाच वेळ काम करून, बायांना पुरुषांपेक्षा कमी पैसे मिळतात. तिने समान मानधन मागितलं, कलाकारांच्या संघटनेकडे गेली, आणि बरोबरच्यांनाही संघटनेत या म्हणून सांगू लागली. बेसलींना ते पटलं नाही. आपल्याला काढण्याचं खरं कारण हे होतं, असं इसॅन पुढे सांगत असे. स्वतः बेसलींनीही म्हातारपणी हे कारण बोलून दाखवलं, असं त्या श्रुतिकेचे नंतरचे निर्माते विल्यम स्मेदर्स्ट यांनी लिहून ठेवलं आहे.

म्हणजे आग तबेल्याला लागली नव्हती. ती लागली होती पगाराच्या वहीत.

आणि ग्रेसच्या नवऱ्याचं, फिलचं काय झालं? कथेत त्याने दोन वर्षांनी जिल नावाच्या मुलीशी दुसरं लग्न केलं. त्याचं काम करणारे नॉर्मन पेंटिंग 1950 पासून 2009 साली वारले तोपर्यंत फिलच राहिले. एकोणसाठ वर्षं एकच भूमिका. इसॅनलाही पुढे त्याच श्रुतिकेत काम मिळालं, पण दुसऱ्या एका शेतकरणीचं, लहानसं. ती 2024 साली, 99 वर्षांची होऊन वारली. तिने मागितलेली गोष्ट मात्र इंग्लंडच्या कायद्यात 1970 साली आली. आपल्या देशात समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला. रोजगार हमीच्या कामावर बाई आणि पुरुष यांना एकच दर लागतो. पण शेजारच्या शेतात गेलं की बाईचा रोज वेगळा आणि गड्याचा वेगळा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट अमेरिकेची, बाळंतपणाची. ल्युसिल बॉल नावाची नटी 1951 पासून ‘आय लव्ह ल्युसी’ नावाची विनोदी मालिका करायची. घराघरात तिचं नाव होतं. 1952 मध्ये ती गरोदर राहिली. तेव्हा टीव्हीवर गरोदर बाई दाखवणं म्हणजे काहीतरी लाजिरवाणं समजत. गरोदर हा शब्दसुद्धा उच्चारू देत नसत. पोट टेबलामागे झाकू, असंही सुचवलं गेलं. पण ल्युसिलने आणि तिच्या नवऱ्याने ऐकलं नाही. कथेतली ल्युसीसुद्धा गरोदर झाली. 19 जानेवारी 1953 रोजी तिला मूल झाल्याचा भाग दाखवला, तो सुमारे साडेचार कोटी लोकांनी पाहिला, आणि त्याच दिवशी ल्युसिलला खरोखर मुलगा झाला.

तिला हे कसं जमलं? ती लाडकी होती, हे एक. पण लाडकी तर ग्रेससुद्धा होती. फरक असा की ‘आय लव्ह ल्युसी’ ज्या कंपनीतून निघायची, ती कंपनी ल्युसिल आणि तिच्या नवऱ्याच्या मालकीची होती. काढणार कोण?

तिच्यानंतर चाळीसेक वर्षांनी, 1996 साली, अमेरिकेतच हंटर टायलो नावाच्या नटीला ‘मेलरोज प्लेस’ या मालिकेत घेतलं. तिने कळवलं की मी गरोदर आहे. काम सुरू व्हायच्या आधीच तिला काढलं आणि भूमिका दुसरीला दिली. कारण दिलं की करारात रूप बदलायचं नाही असं कलम आहे. हंटरची कंपनी नव्हती. ती कोर्टात गेली. खटला चालला तेव्हा ती पुन्हा गरोदर होती. डिसेंबर 1997 मध्ये ज्युरींनी तिच्या बाजूने निकाल दिला आणि जवळजवळ 49 लाख डॉलरची भरपाई ठरवली. गरोदर बाईला कामावरून काढणं हा अन्याय आहे, हे त्या निकालाने सगळ्या मालिकावाल्यांना ऐकवलं.

मैत्रिणींनो, प्रत्येक वेळी असंच असतं असं नाही. कलाकार खरोखर वारतात, आजारी पडतात, कंटाळतात. ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या कार्यक्रमात दुकानदार मिस्टर हूपरचं काम करणारे विल ली 1982 साली वारले. कार्यक्रमवाल्यांनी दुसरा माणूस आणला नाही, की ते गावाला गेले असं खोटंही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी एका भागात मुलांना सरळ सांगितलं की हूपरकाका वारले, ते परत येणार नाहीत, आणि वाईट वाटणं साहजिक आहे. खरं सांगूनही निरोप देता येतो.

पण पुष्कळदा खरं सांगत नाहीत. आपल्याला फक्त कथा ऐकू येते, तिच्या मागचा करार ऐकू येत नाही. म्हणून पुढच्या वेळी एखादी आवडती सून अचानक गाडीखाली आली, तर डोळे पुसून झाल्यावर एक प्रश्न विचारा. त्या मुलीने काय मागितलं होतं?

आणि आता आपल्या गटांकडे वळते. पापड, शेवया, मसाले, गोधड्या, शाळेचे कपडे, अशी कामं आपण मिळून करतो. या धंद्यांची मालकीण कुणी दुसरी नाही, आपणच आहोत. ल्युसिलच्या हातात जे होतं, ते आपल्या हातात आहे. तरीही एखादी बाळंतपणाला माहेरी जाते आणि चार महिन्यांनी येते, तेव्हा तिच्या पाटावर दुसरी बसलेली असते. कुणी तिला काढलेलं नसतं. फक्त हजेरीच्या वहीत तिचं नाव पुढच्या पानावर उतरवायचं राहून गेलेलं असतं. एखादी मोठ्याने हिशेब विचारते, आणि पुढच्या ऑर्डरच्या वेळी तिला निरोपच जात नाही.

येत्या बैठकीत एवढाच एक विषय घ्या. बाळंतपणाला, आजारपणाला गेलेल्या बाईची जागा किती महिने राखायची, आणि तेवढ्या दिवसांत नफ्यातला तिचा वाटा किती धरायचा? चर्चा करा, सगळ्यांना पटेल तो आकडा ठरवा, ठरावाच्या वहीत लिहा आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. हिशेब विचारणारीलाही त्या दिवशी मुद्दाम बोलवा. ठराव मोठ्याने वाचायचं काम तिलाच द्या.