लेक्चर ‘सेव्ह’ केलं म्हणजे अभ्यास झाला का? जालन्यातल्या विद्यार्थ्यांसाठी रेकॉर्डेड लेक्चरचा हिशेब

‘सर, आजचं रेकॉर्डिंग टाकाल का?’

२०२० नंतर कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा मेसेज नेहमीचा झाला. कुणाची एसटी चुकलेली असते, कुणाच्या घरी कापूस वेचणी सुरू असते, कुणी वर्गात हजर असूनही त्याला काही कळलेलं नसतं. रेकॉर्डिंगची लिंक आली की सगळ्यांना हायसं वाटतं. लिंक स्टार करून ठेवली जाते आणि बऱ्याचदा ती थेट परीक्षेच्या आदल्या रात्री उघडते.

मग रेकॉर्डेड लेक्चर खरंच उपयोगी आहे की नुसतं समाधान? जालना जिल्ह्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. का, ते समजून घेऊ.

आधी जालन्याचं गणित

जालना जिल्हा १ मे १९८१ ला तयार झाला. जिल्ह्यात ८ तालुके आहेत. इथली बहुतेक पारंपरिक पदवी महाविद्यालयं छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे आयसीटीचा, मराठवाडा कॅम्पसही जालन्यात आहे.

तालुक्याच्या गावी कॉलेज असलं तरी हवा तो विषय तिथे मिळेलच असं नाही. मग मंठा, घनसावंगी, जाफराबादकडच्या मुलामुलींना जालना गाठावं लागतं किंवा साधारण ६० किलोमीटर पुढे संभाजीनगर. यातल्या अनेकांची भिस्त एसटीच्या सवलतीच्या पासवर असते. विद्यार्थ्यांना या पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते.

ही भिस्त किती नाजूक आहे ते २०२१ मध्ये दिसलं. कोरोनामुळे बंद असलेली राज्यातली कॉलेजं २० ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो लांबत एप्रिल २०२२ पर्यंत गेला. म्हणजे वर्ग भरत होते, पण गावातून वर्गापर्यंत नेणारी बस नव्हती. अशा वेळी फोनवरचं लेक्चर हीच वर्गाशी जोडणारी वाट असते.

पण ही वाटही सगळ्यांना सारखी मोकळी नव्हती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या ग्रामीण भागात फक्त १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. शहरी भागात हे प्रमाण ४२ टक्के होतं. लॉकडाऊन लागला तो या आकडेवारीनंतर दोनच वर्षांनी.

रेकॉर्डेड लेक्चर ही कोरोनाची देणगी आहे का?

नाही, गोष्ट बरीच जुनी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, १५ ऑगस्ट १९८४ ला दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी पुणे विद्यापीठातल्या केंद्रातही कार्यक्रम तयार व्हायचे. अडचण अशी की ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर बसलं नाही तर लेक्चर गेलं.

२००३ मध्ये आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून एनपीटीईएल सुरू केलं. त्यांची लेक्चर्स पुढे यूट्यूबवर आली. ९ जुलै २०१७ ला केंद्र सरकारने ‘स्वयम्’ हे संकेतस्थळ आणि ‘स्वयंप्रभा’ या डीटीएच वाहिन्या सुरू केल्या. इंटरनेट नसलेल्यांसाठी स्वयंप्रभा महत्त्वाची आहे. डीडी फ्री डिशवर ती फुकट दिसते. तिची आखणीच अशी केली होती की रोज किमान ४ तासांचा नवा मजकूर दाखवायचा आणि तोच दिवसभरात आणखी ५ वेळा.

यातला एक फायदा अनेकांना माहीत नसतो. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एखाद्या अभ्यासक्रमाचे ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून करून त्यांचे क्रेडिट घेता येतात. पण त्यासाठी तुमच्या विद्यापीठाने तो कोर्स मान्य केलेला असावा लागतो. म्हणून नाव नोंदवण्याआधी विभागात विचारून घ्या.

विद्यार्थ्यांना ते का आवडतं?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे पॉज बटण. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी बीएस्सीला येते आणि पहिल्याच दिवसापासून इंग्रजी संज्ञांचा मारा सुरू होतो. वर्गात हात वर करून ‘सर, परत सांगा’ म्हणायला संकोच वाटतो. व्हिडिओला दहा वेळा मागे नेलं तरी कुणी वळून बघत नाही. एनपीटीईएलच्या काही कोर्सची मराठी भाषांतरंही उपलब्ध आहेत.

दुसरं कारण वेळ. शेतीची कामं, अर्धवेळ नोकरी, घरातलं आजारपण यांत बुडालेला तास नंतर भरून काढता येतो. रेकॉर्डिंगचा मुख्य वापर जगभर दोनच कामांसाठी होतो. एक, चुकलेलं लेक्चर बघणं. दोन, परीक्षेआधीची उजळणी.

मग मन का खट्टू होतं?

कारण साठलेल्या व्हिडिओंचा डोंगर. वर्गातलं लेक्चर संपतं, पण न पाहिलेलं लेक्चर फोनमध्ये बसून राहतं. पाच झाले, दहा झाले, मग ती फाईल उघडायचीच भीती वाटायला लागते.

दुसरी अडचण एकटेपणाची. वर्गात शेजारच्याच्या वहीत डोकावता येतं. मधल्या सुट्टीत ‘तुला कळलं का रे?’ असं विचारता येतं. व्हिडिओला शंका विचारता येत नाही. शिवाय कॅमेरा सुरू आहे म्हटल्यावर वर्गातही काही जण प्रश्न विचारायचं टाळतात.

आणि डेटा. ४८०पी दर्जाचा एक तासाचा व्हिडिओ साधारण अर्धा जीबी खातो. रोज दीड जीबीच्या पॅकमध्ये तीन लेक्चर पाहिली की दिवसाचा कोटा संपला.

संशोधन काय सांगतं?

व्हिडिओची लांबी: २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षण मंचावरच्या ४ कोर्समधल्या ६९ लाख व्हिडिओ सत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण ६ मिनिटंच लक्ष देऊन पाहतात, असं त्यात दिसलं. वर्गातल्या लांब लेक्चरचे नुसते तुकडे करूनही फारसा उपयोग होत नाही, हेही दिसलं.

मध्येच चाचणी: २०१३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी संख्याशास्त्राच्या २१ मिनिटांच्या लेक्चरचे ४ भाग केले. प्रत्येक भागानंतर ज्यांची छोटी चाचणी घेतली, त्यांचं मन भरकटण्याचं प्रमाण इतरांच्या साधारण निम्म्यावर आलं. त्यांनी नोट्सही जास्त काढल्या.

दुप्पट वेग: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या प्रयोगात दुप्पट वेगाने व्हिडिओ पाहणाऱ्यांचे गुण फारसे कमी झाले नाहीत. अडीचपट वेगाला मात्र फटका बसला. पण हे निष्कर्ष जसेच्या तसे लावू नका. भाषा आणि विषय दोन्ही नवे असतील तर आधी नेहमीच्या वेगानेच ऐका. वेग उजळणीसाठी ठेवा.

लेक्चर रेकॉर्ड करणं कायदेशीर आहे का?

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये ‘सादरकर्ता’ या व्याख्येत गायक-नटांसोबत व्याख्यान देणारी व्यक्तीही येते. म्हणजे सरांना किंवा मॅडमना त्यांच्या लेक्चरवर हक्क आहे. स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिकपणे शिकवण्या-संशोधनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला याच कायद्याच्या कलम ३९ मध्ये सूट आहे. तेच रेकॉर्डिंग टेलिग्रामवर सगळ्यांसाठी टाकणं ही वेगळी गोष्ट झाली. कॉलेजचे स्वतःचे नियमही असू शकतात. सरळ उपाय म्हणजे आधी विचारा. शिक्षकांनाही आपलं एखादं वाक्य संदर्भ सोडून फिरेल याची धास्ती असते.

मग रेकॉर्डिंग पाहायचं कसं?

- चुकलेलं लेक्चर शक्यतो त्याच आठवड्यात पाहा. पुढचं लेक्चर त्यावरच उभं असतं.
- कॉलेजच्या किंवा लायब्ररीच्या वायफायवर डाउनलोड करा. फळा वाचायचा नसेल तर कमी दर्जा किंवा नुसता आवाजही चालतो.
- ६ ते १० मिनिटांनी थांबा, स्क्रीन उलटी ठेवा आणि काय कळलं ते आठवून चार ओळींत लिहा. लिहिता आलं नाही तर तेवढाच भाग परत पाहा.
- अडलेल्या जागेची वेळ वहीत टिपून ठेवा. ‘सर, काही कळलं नाही’ यापेक्षा ‘सर, २२ व्या मिनिटाची ही पायरी कळली नाही’ असं विचारलं की उत्तर नेमकं मिळतं.
- रेकॉर्डिंग आहे म्हणून वर्ग सोडू नका. अनेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीची अट आहे, आणि प्रात्यक्षिक व्हिडिओत होत नाही.

थोडक्यात

ज्याला वर्गात बसता येतं, त्याच्यासाठी रेकॉर्डिंग म्हणजे उजळणीची वही. जिची बसच आली नाही, तिच्यासाठी मात्र तोच त्या दिवसाचा वर्ग. म्हणून लेक्चर वेळेवर अपलोड करणं, आवाज नीट येईल एवढं पाहणं आणि ४० मिनिटांच्या व्हिडिओसोबत एक पानाच्या नोट्स देणं ही कॉलेजची जबाबदारी आहे. ते उघडून पाहणं आपली.

तुमच्या फोनमध्ये न पाहिलेली किती लेक्चर्स आहेत? आज त्यातलं एक उघडा, पहिली दहा मिनिटं.